मदत हवी आहे: राष्ट्राध्यक्षांना लगाम कोण घालतो?

नमस्कार मंडळी, मी म्हापशाचा. लेक बारावीला आहे, शनिवारी तिची वक्तृत्व स्पर्धा, विषय वरचाच. अमेरिकेचा १९७३ चा युद्धाधिकारांचा कायदा तिने वाचलाय: सैन्य लढाईत उतरवलं की ४८ तासांत काँग्रेसला (म्हणजे तिथल्या संसदेला) कळवायचं, मंजुरी नसेल तर ६० दिवसांत थांबायचं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी या कायद्यावर वापरलेला नकाराधिकार दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी मोडून काढला. हे तिला फार आवडलं. पण वहीत खाली लाल पेनाने लिहिलंय, ‘आणि आपल्याकडे?’

वटहुकूम सभागृह भरल्यापासून सहा आठवडेच टिकतो, एवढं मी सांगितलं. पण पर्वरीत (आमच्या गोव्याच्या विधानसभेत) काय, दिल्लीत काय, बहुमतवाल्यांचंच सरकार. मग त्याला अडवणार कोण? इथे मी अडकलो. राज्यशास्त्र शिकवणारं कुणी सोप्या मराठीत समजावेल का? शुक्रवारपर्यंत कळलं तर फार बरं होईल.