निवृत्त सैनिक भावासाठी मानसोपचार : ईसीएचएसमधून कसं जायचं?

मदत हवी आहे. दादा हवालदार पदावरून निवृत्त झालाय, शेवटचं पोस्टिंग काश्मीरमध्ये. आम्ही सातारा जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. घरी आल्यापासून त्याची झोप उडालीय. रात्री उठून दाराची कडी पुन्हापुन्हा तपासतो, वरातीत फटाके वाजले की मागच्या खोलीत जाऊन बसतो. वहिनी पार थकून गेलीय.

दारू नाही, मारहाण नाही, घरात हत्यार नाही. जिवाचं काही बरंवाईट करण्याचं बोलत नाही, हे मी त्याला थेट विचारलंय. ईसीएचएसचं (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड चालू आहे. योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये झोपेची गोळी मिळाली, पण मानसोपचाराचं रेफरल मागितल्यावर ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणाले. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, १४४१६ ला, मी बोललो, माणसं खरंच चांगली होती. दादा मात्र फोन हातात घेत नाही. समोर बसून ऐकणारा, शक्यतो फौजेतला डॉक्टर हवा, एवढंच म्हणतो.

त्याची खरी भीती वेगळीच आहे. बँकेत गनमॅनच्या नोकरीसाठी अर्ज केलाय, ‘मेंटल’ शिक्का बसला तर ती जाईल असं त्याला वाटतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे, हे सांगून पाहिलं, पटत नाही.

खासगी डॉक्टरांची फी महिनोन्‌महिने झेपणार नाही, त्यामुळे मार्ग ईसीएचएसचाच हवा.

ज्यांनी घरच्या माणसासाठी हे केलंय त्यांनी सांगा: पुण्याच्या कमांड हॉस्पिटलच्या (लष्करी रुग्णालय) मानसोपचार विभागाचं रेफरल पॉलिक्लिनिकमधून कसं मिळवलंत, आणि ते उपचार पुढे शस्त्र परवान्याच्या किंवा नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत आडवे आले का?