लिकर अमोनियाचा कॅन फुगलाय, पितळी नळ गळतोय. मदत हवी आहे

साकीनाक्याला पत्र्याचा गाळा आहे. काच पुसायच्या लिक्विडसाठी २५ टक्क्यांचा लिकर अमोनिया (पाण्यात विरघळवलेला अमोनिया वायू) ३५ लिटरच्या एचडीपीई, म्हणजे जाड प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये ठेवतो. या उन्हात कॅन टम्म फुगलाय. खाली बसवलेल्या पितळी नळावर निळा थर आलाय, थेंब थेंब गळतंय. नळ आवळू का? आणि २५ चं १० टक्के करायला प्रमाण काय धरायचं?

उत्तर १

पान्याला हात लावू नका. अमोनिया पितळेतल्या तांब्याला खातो, निळा रंग त्याचाच. पितळेला आतून बारीक चिरा जातात; आवळायला गेलात तर नळ तुटून हातात येईल. थेंबाखाली पाण्याने अर्धी भरलेली प्लॅस्टिकची बादली ठेवा.

झाकणही आत्ता नको. हे द्रावण साधारण ३८ अंशांनाच उकळायला लागतं, पत्र्याखाली दुपारी तेवढं सहज होतं. कॅनवर ओली गोणपाटं टाका, रात्रभर निवू द्या. पहाटे शटर पूर्ण वर, पंखा पाठीमागे, तोंड बाजूला, झाकण जेमतेम पाव आटा. फुसफुस थांबली की पुढचा पाव. मग हातपंपाने वरूनच दुसऱ्या कॅनमध्ये काढा, वर दहावा हिस्सा रिकामा सोडून. नळी तोंडाने ओढायची नाही. नवा नळ पॉलिप्रॉपिलिनचा किंवा ३१६ स्टीलचा, वॉशर ईपीडीएम रबराचा.

पोटमाळ्यावर कुणी झोपत असेल तर आज झोपवू नका. वायू हवेपेक्षा हलका, आधी तिथेच साठतो. डोळे चुरचुरून श्वास अडायला लागला तर सगळं सोडून बाहेर पडा आणि १०१ लावा.

उत्तर २

प्रमाण वजनावर धरा, मापावर नाही. १० किलोसाठी ४ किलो अमोनिया (सुमारे ४.४ लिटर) आणि ६ किलो पाणी. पाणी आधी, अमोनिया नंतर, नळीचं टोक पाण्याखाली.

हायड्रोमीटरने (द्रावणाची घनता मोजायची काचेची नळी) तपासताना बरेच जण उलटं वाचतात. २५ टक्के म्हणजे ०.९१, १० टक्के म्हणजे ०.९६. आकडा वाढला की माल कमजोर. उघड्या कॅनमधून वायू उडत राहतो, म्हणून जुना माल मोजल्याशिवाय वापरू नका.

एन-९५ मास्क इथे शोभेचा. मास्कला हिरव्या पट्टीचं के कार्ट्रिज (अमोनिया शोषणारी डबी) लागतं, तेही किरकोळ गळतीपुरतंच. साधा चष्मा नको, चेहऱ्याला घट्ट बसणारा गॉगल हवा. अल्कली डोळ्यात आम्लापेक्षा खोल उतरते. डोळा निदान १५ मिनिटं धुवायचा, मिनिटाला दीड लिटर धरलं तरी साडेबावीस लिटर झाले. आपल्याकडे पाणी वेळेवरच येतं, म्हणून ५० लिटरचा पिंप कायम भरलेला ठेवा. धुऊन झालं की थेट डोळ्याच्या डॉक्टरकडे.

प्रश्नकर्ता

नळाला हात लावलेला नाही, बादली ठेवली. त्याच रॅकवर हायपोचे (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच) दोन कॅन आणि खाली तेजाब आहे, चालेल ना?

उत्तर १

अजिबात नाही. हायपोत अमोनिया गेला की क्लोरामाइन निघतं, ते फुप्फुसं जाळतं. तेजाब शेजारी असेल तर पांढरा धूर, आणि दोन्ही थेट मिसळले तर उसळी मारून अंगावर येतं. आता गळका कॅन हलवू नका, हायपो आणि तेजाबच आज दुसऱ्या टोकाला न्या, तेही एकमेकांपासून लांब. त्या दोघांचा क्लोरीन होतो. बादलीतलं पाणी गटारात ओतू नका, झाकून ठेवा.