जुनी ९११ घ्यायचीय, पण इंजिनाची धास्ती वाटते

बरीच वर्षं पैसे साठवून पोर्शे ९११ घ्यायचं ठरवलंय. समोर दोन आहेत. २००६ ची करेरा एस, कमी धावलेली, चकाचक. दुसरी २००९ ची, बरीच धावलेली, पण सर्व्हिसच्या सगळ्या नोंदींसकट. मन पहिलीवर बसलंय. मात्र याआधीच्या, वेगळ्याच कंपनीच्या गाडीचं इंजिन भर रस्त्यात बसलं होतं. ती भीती अजून गेलेली नाही.

उत्तर १: २००९ ची घ्या. त्या वर्षी इंजिनच नवं आलं, इंटरमीजिएट शाफ्ट (इंजिनातला एक फिरता दांडा, त्याचं बेअरिंग गेलं की इंजिन बसू शकतं) राहिलाच नाही. २००६ मध्ये त्याचं बेअरिंग मोठं आहे, सहसा टिकतं. पण बदलायचं तर अख्खं इंजिन उघडावं लागतं.

उत्तर २: माझ्या मते बेअरिंगपेक्षा सिलिंडर बघा. ३.८ लिटरच्या त्या जुन्या इंजिनात भिंतींवर ओरखडे पडू शकतात. बोअरस्कोप (आत बघायचा बारीक कॅमेरा) घालून सहाही तपासून घ्या. विकणारा नको म्हणाला तर सरळ उठून या. आणि कमी धावलेली म्हणजे चांगलीच असं नाही, उभ्या गाडीची सीलं सुकतात.

प्रश्नकर्ता: पहिलीचा मालक बोअरस्कोपला तयार नाही. सोडली. फार जड गेलं, तो निळा रंग डोळ्यांसमोरून हलत नाही. उद्या २००९ ची बघायला जातोय, मेकॅनिकला घेऊनच.