बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला बघा

कोल्हापुरात पंचगंगेवर बगळे-घारींशिवाय काही नसतं, पक्षी बघायचे तर रंकाळा नाहीतर कळंबा तलाव गाठा, असं काहीजण म्हणतात. बदकांपुरतं पटतं. पण वाहत्या पाण्याचे पाहुणे, म्हणजे स्थलांतर करून येणारे पक्षी, तळ्यापेक्षा नदीच धरतात. राजाराम बंधाऱ्याखाली पाणी दगडांवरून खळाळतं, तिथं करडा धोबी हा पक्षी शोधा. पोट पिवळं दिसलं की लोक पिवळा धोबी म्हणून मोकळे होतात. पाठ बघा की! याची राखाडी, पिवळ्याची हिरवट. शेपूट लांबलचक, घडीभर स्थिर नाही. एवढासा जीव, पार हिमालयाकडनं येतो.

घाटाच्या पायऱ्यांवर बारमाही दिसणारा काळापांढरा थोराड धोबी मात्र इथलाच, त्याला पाहुण्यांत धरू नका. आणि जायचं तर उजाडतानाच, म्हशी पाण्यात उतरल्या की संपलं.