मदत हवी आहे: रात्रीचा मोबाईल सुटत नाही

शिफ्टवाला_अंबड
रात्री पडल्या पडल्या रील्स सुरू होतात ते दीड-दोनपर्यंत. सकाळी डोळे चुरचुरतात, घरात सगळ्यांवर विनाकारण खेकसतो. इन्स्टाला अर्ध्या तासाचा टायमर लावलाय, उपयोग शून्य. फोन बंद ठेवता येत नाही. ॲप काढून टाका असं कृपया सांगू नका. काहीतरी कामाचं सांगा, लवकर.

गोदाकाठ
फोन कोणता? आणि बंद का ठेवता येत नाही? एवढं तरी लिहा.

पंचवटीकर_काका
इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यनेला बसा. मोबाईल आधीच जमा करून घेतात, वर मौन. फी नाही, शेवटी ऐच्छिक दान. नाशिककरांना इतकं जवळ असून आपण जात नाही, याचं वाईट वाटतं.

शिफ्टवाला_अंबड
काका, दहा दिवसांची रजा कोण देणार? आजच्या रात्रीचं सांगा.

निफाडचा_बागाईतदार
स्क्रीन काळी-पांढरी करून टाका. रंग गेले की रील बघवत नाही. माझं त्यानेच सुटलं.

गोदाकाठ
सगळ्यांना लागू पडत नाही हो. मी आठवडाभरात सवयीने काळं-पांढरंच बघायला लागलो.

कॉलेजरोड_ताई
सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरातले टीव्ही-मोबाईल बंद होतात. मुलं अभ्यासाला बसतात. आपल्याकडच्या सोसायट्यांनी हे करायला हवं.

निफाडचा_बागाईतदार
ताई, त्यांनी मुलांचं कुठे विचारलंय?

कॉलेजरोड_ताई
बाप दोनपर्यंत रील्स बघणार, मग पोरं काय शिकणार? विषय एकच आहे, दादा.

शिफ्टवाला_अंबड
भांडू नका. अँड्रॉईड आहे. मी मेंटेनन्सला आहे, रात्री लाईन बंद पडली की प्लँटमधून फोन येतो. म्हणून चालू लागतो.

गोदाकाठ
हे आधी सांगायचं ना! रील्स बघायला किती वाजता घेता?

शिफ्टवाला_अंबड
सेकंड शिफ्ट करून जेवून अंथरुणावर यायला साडेबारा होतात.

गोदाकाठ
मग टायमर अडवणारच नाही. अँड्रॉईडचा ॲप टायमर मध्यरात्री रीसेट होतो. तुम्ही आडवे होता तेव्हा अर्धा तास नवाकोरा मिळतो, आणि तो संपला की यूट्यूब असतंच. टायमर सोडा. फोनच्या सेटिंग्जमध्ये डिजिटल वेलबीइंग आहे, त्यात फोकस मोड आहे, त्यात इन्स्टा-यूट्यूब निवडा आणि रात्री बारा ते सकाळी सात शेड्यूल लावा. ती ॲप्स थांबतात, कॉल येत राहतात.

निफाडचा_बागाईतदार
मोड काय, दोन बोटांत बंद करता येतो. त्यापेक्षा साधा बटणांचा फोन घ्या, रात्री कॉल त्यावर फॉरवर्ड करा आणि मोठा फोन हॉलमध्ये चार्जिंगला. उशाशी फोन असेपर्यंत हात जाणारच.

गोदाकाठ
फॉरवर्ड करायला विसरला आणि लाईन तासभर बंद राहिली तर? नोकरी त्यांची आहे. हॉलमध्ये ठेवा, पण हाच फोन, रिंग फुल करून.

सिडकोची_नर्स
झोप आणि चिडचिड बरेच दिवस अशीच असेल तर १४४१६ वर बोला. टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाईन, मोफत, चोवीस तास. रात्रपाळीवाल्यांचे हाल मी रोज बघते, अंगावर काढू नका.

शिफ्टवाला_अंबड
फोकस मोड लावला. पण प्लँटचा ग्रुप व्हॉट्सॲपवर आहे, त्याचं काय करू?

गोदाकाठ
व्हॉट्सॲप त्यात घेऊ नका. प्लँटचा ग्रुप चालू ठेवा, बाकीचे सगळे म्यूट. आणि खरंच तातडीचं असेल तर मेसेज नको, कॉलच करा, हे सुपरवायझरला आजच सांगून ठेवा.