पूर्वज मोजले जातात की निवडले जातात?

उंबरठा (धागाकर्ता): अमेरिकेत माणसाचा वंश पूर्वजांवरून ठरत आला, असे सरसकट म्हटले जाते. माझ्या मते तेथे पूर्वज मोजले गेले नाहीत, सोयीने निवडले गेले. न्यू ऑर्लिन्सचा होमर प्लेसी १८९२ मध्ये रेल्वेच्या गोऱ्यांसाठी राखलेल्या डब्यात बसला, तेव्हा त्याच्या आठ पणज्या-पणजोबांपैकी सात गोरे होते आणि त्याने स्वतः सांगितले नसते तर कोणाला शंकाही आली नसती. तरीही १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या डब्यांचा कायदा वैध ठरवला आणि कितव्या हिश्शाने माणूस कृष्णवर्णीय ठरतो, हा प्रश्न ज्या त्या राज्यावर सोपवला. म्हणजे राज्याची हद्द ओलांडली की वंशही बदलू शकत होता! व्हर्जिनियाचा १९२४ चा कायदा तर आणखी बोलका आहे. गोरा ठरायला कृष्णवर्णीय पूर्वजाचा अंशही चालणार नव्हता, पण मूलनिवासी रक्ताचा सोळावा हिस्सा चालणार होता, कारण तेथील कित्येक प्रतिष्ठित घराणी स्वतःला पोकाहोंटास या मूलनिवासी स्त्रीचे वंशज म्हणवून घेत.

कोरडवाहू: सहमत नाही. नियम अन्याय्य होता हे मान्य, पण त्या नियमाखाली पिढ्यानपिढ्या जगलेल्यांनी त्यातूनच एक समाज उभा केला, हे आपण विसरता. कृष्णवर्णीयांचे नेते वॉल्टर व्हाइट हे स्वतः कृष्णवर्णीय म्हणवत, पण त्यांचे केस सोनेरी आणि डोळे निळे होते. दक्षिणेतील झुंडबळींची चौकशी करताना ते गोरे म्हणून वावरत आणि माहिती काढत. एरवीही गोरे म्हणून आयुष्य काढणे त्यांना सहज शक्य होते. त्याऐवजी त्यांनी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीचे नेतृत्व १९५५ पर्यंत केले. त्यांची ओळख केवळ सरकारी शिक्का होती, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

सावलीतला: पूर्वज सोडून रूप पाहावे, असे कोणी सुचवण्याआधी ब्राझीलकडे पाहावे. तेथे सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागांसाठी समित्या उमेदवाराला समोर बसवून त्वचा, केस, नाक पाहतात. आजीचा फोटो दाखवून उपयोग होत नाही. त्यामुळे सख्ख्या भावंडांपैकी एक पात्र आणि दुसरा अपात्र ठरू शकतो. मला तर वंशावळीचा कागद यापेक्षा बरा वाटतो.

उंबरठा: कोरडवाहू, व्हाइट यांनी ती ओळख स्वीकारली, म्हणूनच ती मोलाची आहे. लुइझियानाच्या सूझी फिप्स यांना मात्र ती सोडता आली नाही. त्या गोऱ्या म्हणूनच वाढल्या होत्या. पासपोर्ट काढताना जन्मदाखल्यावर त्यांना ‘कलर्ड’ (म्हणजे गोऱ्या नव्हेत, असे) लिहिलेले दिसले आणि अठराव्या शतकातील एका गुलाम स्त्रीच्या वारशामुळे त्या खटला हरल्या.

सावलीतला, कागद बरा म्हणता, तर भगतसिंग थिंड यांचे काय? नोव्हेंबर १९२२ मध्ये न्यायालयाने जपानी ताकाओ ओझावा यांना सांगितले की नागरिकत्वासाठी नुसती गोरी कातडी पुरत नाही, माणूस कॉकेशियन, म्हणजे अभ्यासकांच्या वर्गीकरणातील गोऱ्या वंशाचा हवा. तीनच महिन्यांनी थिंड हे पंजाबी माजी अमेरिकी सैनिक आपण आर्य, म्हणून कॉकेशियन, या वंशावळीच्या आधारे नागरिकत्व मागायला आले, तेव्हा त्याच न्यायालयाने अभ्यासकांचे वर्गीकरण बाजूला ठेवून सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असा निर्णय दिला. दोन्ही निकाल एकाच न्यायमूर्तींनी, जॉर्ज सदरलँड यांनी लिहिले होते.

कोरडवाहू: थिंड यांचा दाखला बिनतोड आहे. पण त्यावरून न्यायालय अप्रामाणिक ठरते. पूर्वजांची आठवण जपणारा समाज नव्हे.