गुळवेल ओळखायची कशी? सत्त्व मळकट का होतं?

कागलकर: बांधावरच्या कडुनिंबावर वेल चढलीय. पानं बदामाच्या आकाराची, वरून दोऱ्यासारखी मुळं लोंबतात. गुळवेलच ना? काढ्याला किती घ्यायची? आणि सत्त्व, म्हणजे वेल ठेचून भिजवल्यावर पाण्याच्या तळाशी बसतं ते पिष्ट, मळकट, आंबूस वासाचं का होतं?

रानवाट: पानावर जाऊ नका, खोड बघा. जुन्या खोडाची साल कागदासारखी सुटते, नखानं खरवडली की खाली हिरवं लागतं. आडवं कापलं की चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. बारीक ठिपके असतातच. पण खोडभर ठळक गाठी आणि कापल्यावर दुधासारखा चीक असेल, तर ती टिनोस्पोरा क्रिस्पा, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल, तिला हात लावू नका. गुळवेलीचं फळ वाटाण्याएवढं, गोल, लाल. क्रिस्पाचं लांबट, नारिंगी.

पाटावरवंटा: सत्त्वासाठी मे महिन्यातली, बोटाएवढी जाड वेल घ्या. साल पूर्ण खरवडा, मळकटपणा बहुतेक तिथूनच येतो. किलोभर तुकडे वरवंट्यानं ठेचून चार लिटर पाण्यात रात्रभर ठेवा. मिक्सर नको, बारीक झालेला चोथा फडक्यातून खाली उतरतो. सकाळी फेस येईस्तोवर कुस्करून दोनपदरी फडक्यातून गाळा आणि पातेलं चार तास हलवू नका. वरचं पाणी हळूच ओता, नवं पाणी घालून ढवळा, परत निवळू द्या. असं दोनतीनदा केलं की तळाचा साका पांढरा होतो. तो ताटात पातळ पसरून सावलीत वाळवा. उन्हाळ्यात एका रात्रीपेक्षा जास्त भिजवलं की आंबतं. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टात करूच नका, वाळायच्या आधी बुरशी येते.

किलोला तळव्यावर मावेल एवढंच निघतं, म्हणून बाजारात भेसळ फार. आयोडीननं ती कळत नाही, कारण सत्त्व मुळात पिष्टच; खरं सत्त्व आणि भेसळीचं पीठ दोन्ही निळं होतं.

करवीर वैद्य: काढ्याला ताजी २० ग्रॅम, पाणी १६ पट म्हणजे ३२० मिली, मंद आचेवर झाकण न ठेवता आठवा हिस्सा, ४० मिली उरवा. ओलं औषध एरवी दुप्पट घेतात. आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार शार्ङ्गधर यांनी गुळवेलीला त्यातून वगळलंय, ती ताजीच वापरायची आणि दुप्पट करायची नाही. हे विसरून लोक मूठभर टाकतात.

दादा, महिनोन्‌महिने स्वतःच्या मनानं घेऊ नका. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं वेलीच्या ओळखीवरच शंका घेतली. वाद राहू दे. यकृताचा किंवा आमवातासारखा स्वप्रतिकार (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो) आजार असेल, गरोदरपण असेल, तर टाळा. मधुमेहाच्या गोळ्यांसोबत साखर जास्त उतरू शकते. लघवी गडद, डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी बंद करून रक्त तपासा.

कागलकर: खोडाला गाठी नाहीत, चीकही नाही. फळं लागली की परत बघतो, तोवर तोडत नाही.